बोरन्हाणाचा मुकुट

किन्हीराजा,
करीचा दिवस, दुपार

तीर्थस्वरूप मोठ्या बाईले,

धाकट्या रुखमाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. संगं पुडीत तिळगूळ बांधला आहे. पुडी आधी सोड, पत्र मंग वाच, म्हणजे वाचतावाचता तोंड गोड राहीन आणि माह्यावर रागावता येणार नाही. तुहे गुडघे कसे आहेत? यंदा थंडी भल्ली पडली, आणि तुमच्या अमरावतीत तं सारी फरशीचीच घरं. पायात मोजे घालत जाजो. सुनेले, नातवायले माहे आशीर्वाद सांग. कानाचं यंत्र लावतं का डब्बीतच ठेवलं? डब्बीतच असन. म्हणूनच तं मी फोन न करता लिहून राह्यली. मागच्या टायमाले मी फोनवर सांगितलं, 'आमची तूर काढली', आणि तुले ऐकू आलं, 'आमची सून काढली'. मंग तू मले जे झोडपलं, जे झोडपलं, मधात बोलायले जागाच देल्ली नाही. बाई, सून घरातच आहे, तूर बी घरातच आहे, दोघी बी बऱ्या आहेत. (तूर जराशी ओली आहे.)

आज कर. आजच्या दिवशी शुभ काम करू नये, नवं काही सुरू करू नये, असं आपली आई म्हणे. म्हणून कालपासून भिजवून ठेवलेले कपडे तसेच ठेवले आणि पत्राले बसली. पोटात गोष्ट अशी उकळून राह्यली, का झाकण ठेवलं तं झाकण उडते. गावात सांगावं तं साऱ्या गावानं डोळ्यानं पाहून घेतलं. राह्यली फक्त तू.

तं बातमी अशी, का काल आमच्या नातवाची, मन्याची, पहिली संक्रांत झाली आणि बोरन्हाण झालं. आपल्या माहेरी बोरन्हाण म्हणजे काय असे? आईनं मापात बोरं घेतली, मुरमुरे घेतले, लेकराच्या डोक्यावरून ओतले, गल्लीतल्या पोट्ट्यायनं लुटले, झालं. आता तसं राह्यलं नाही. आता काळं झबलं लागते, अंगावर हलव्याचे दागिने लागतात, मागं पडदा लागते, पडद्यावर सोनेरी अक्षरं लागतात. (आमच्या लेकानं, बबलूनं, अक्षरं चिकटवली, तं मधातलं 'न्हा' गळून पडलं. साऱ्या फोटोत 'मन्याचे बोरण' असं आलं आहे. तुले फोटो आला तं चूक माही समजू नको.) काळं काहून घालतात, हे अंजूनं मले विचारलं. सून विचारते म्हटल्यावर मी मांडी ठोकून बसली. म्हटलं, माय, थंडीचे दिवस, काळं कापड उन्ह धरून ठेवते, आणि पांढरा हलवा काळ्यावर उठून दिसते. आता सूर्य उत्तरेकडं वळला, दिवस तिळातिळानं वाढीन. हरभऱ्याले घाटे आले, गव्हाले ओंब्या आल्या, बोरी लदबदल्या. शेतानं जे नवं देल्लं ते सुगडात भरून देवाले दाखवायचं, लोकायले वाण म्हणून द्यायचं, आणि लेकराच्या डोक्यावरून ओतायचं, म्हणजे पुढचा उन्हाळा त्याले बाधत नाही. असं मी भल्लं बोलली. माह्या मलेच नवल वाटलं, का आपल्याले एवढं येते. मंग अंजू म्हणे, "आई, मोबाईलवर बी असंच लिहून आहे." मंग मी मांडी सोडून उठली.

दागिने येणार होते वाशीमहून, विहीणबाईकडून. म्हणजे अंजूची आई, हिरीबाई. तू त्यायले लग्नात पाहिलं आहे. उंचपुऱ्या, बोलतानी भुवया चढवतात त्या. त्यायच्या हातच्या हलव्याचं वाशीमात नाव आहे. पहाटेच्या थंडीत शेगडीवर परात ठेवायची, परातीत तीळ, तिळावर पाकाचा एकेक थेंब, आणि बोटं फिरवत राह्यची. घाई केली का पाक बसते, बोटं थांबली का गोळा होते. असं कितीक दिवस केलं तवा कुठं तिळाले काटे फुटतात. मी एकदा करून पाहिला होता. त्या हलव्यानं बबलूच्या दुधाच्या दातांपैकी एक पडला, आणि मी त्याच्यानंतर शेगडीले नमस्कार केला.

आता हिरीबाईचं आणि माहं बोलणं काहून नव्हतं, ते सांगतो. बारसं त्यायच्याच घरी होतं, पहिलं बाळंतपण माहेरी असते म्हणून. पाळणा त्यायनं नवा आणला होता, सागाचा, घुंगरं लावलेला. चार बाया पाळणा म्हणून राह्यल्या, मी झोका देऊन राह्यली, आणि माह्या तोंडून निघालं, "पाळणा कुरकुरते वो." मी आपलं तेल घालायच्या हिशेबानं म्हटलं. तं हिरीबाई भुवया चढवून म्हणाल्या, "पाळना नाही कुरकुरत, विहीनबाई, तुमी कुरकुरून राह्यल्या." बाया हसल्या. मले झोंबलं. मी जेवणात दुसरी पोळी घेतली नाही. (पहिलीच मोठी होती, ते अलग.) तवापासून त्यायचा फोन आला का मी अंजूच्या हातात देऊ, आणि मी घरात आहे असं समजलं का त्या लवकर ठेवत. पोळ्याच्या मागंपुढं त्यायचे मालक गेले. मी गेली, गळ्यात पडून रडली, त्या बी रडल्या. पण संगं रडलं म्हणजे संगं बोलणं झालं असं नाही. अंजूनं संक्रांतीचं आवतण देल्लं तं म्हणाल्या, "पाहू." मी म्हटलं, झालं, पाळणा अजून कुरकुरूनच राह्यला.

पण दागिने आले. शाहजादी घेऊन आली. ही शाहजादी म्हणजे वाशीमची बांगडीवाली. तिचा मालक बदरुद्दीन तिकडं दुकानात बसते आणि ही संक्रांतीच्या तोंडावर बांगड्यायची पेटी घेऊन आमच्याकडल्या गावायनं फिरते. तिनं डब्बा माह्या हातात देल्ला आणि म्हणे, "काकी, हिरीबाईनं सांगितलं होतं का हलू देऊ नको. पूरा रस्ता मांडीवर धरून आणला. खुद के बच्चे को इतना नहीं संभाला." डब्बा उघडला तं आमच्या दोघीयचे डोळे दिपले. मुकुट, हार, बाजूबंद, कडी, करदोडा, एवढुशी बासरी. पांढरा शुभ्र हलवा, मधात सोनेरी जर. मुकुट तं असा, का वाटे कोण्या राजाच्या लेकराचा आहे, चुकून आमच्या घरी आला. अंजू त्याच्याकडं पाहून रडली. मी नाही रडली. मी फक्त म्हटलं, "कुरकुरत तं नाही ना?" आणि अंजू रडतारडता हसली.

डब्बा मी कपाटावर ठेवला, खाली पाण्याची परात ठेवली, मुंग्या चढू नये म्हणून. हा झाला माहा शहाणपणा. आता मूर्खपणा ऐक. भोगीच्या दिवशी मी आणि अंजू घाटे, ओंब्या, बोरं आणायले वावरात गेलो, आणि राखणीले बसवलं कोणाले? यायले, माह्या मालकाले. यायचं शिलाईचं दुकान भोगीमुळं बंद होतं. यायले शुगर आहे, मालेगावच्या डॉक्टरनं गोड बंद केलं आहे, हे तुले ठाऊक आहेच. मीच विचार केला, का ज्याले गोड खायचंच नाही त्याच्याएवढा राखणदार कोण. सकाळी तिळाची भाकर आणि भोगीची भाजी हाणतानी हे म्हणतच होते, "न खाई भोगी तो सदा रोगी." तवाच मले समजायले पाहिजे होतं, का हा माणूस आज देवाधर्माच्या मागं लपून काहीतरी खाणार आहे.

वापस आलो तं हे खाटेवर पडलेले, डोळे मिटलेले, आणि ओठाले एक तीळ चिकटलेला. मी कपाटावरचा डब्बा काढला. हार होता, कडी होती. मुकुटाच्या जागी नुसता पुठ्ठा होता. असा साफ, का जणू मांजरीनं चाटून ठेवला.

"मुंग्या लागल्या वाटते," हे डोळे न उघडता म्हणाले.

"मुंग्यायनं पान्याची परात कशी ओलांडली?"

"पोहत गेल्या असतीन."

आता बाई, मुंग्या पोहतात बी म्हणा. पण मुंग्या मुकुटाचा दोरा सोडवून, सरळ करून, रिकाम्या रिळावर गुंडाळून, रीळ मशीनच्या खणात ठेवत नाहीत. ते फक्त टेलरच करते. जलमभर दोऱ्याचं टोक फेकलं नाही या माणसानं. चोरी करतानी बी दोरा वाचवला! मी रीळ त्यायच्या नाकापुढं धरलं. मंग उठून बसले आणि लहान लेकरासारखं सांगितलं, का मी फक्त एक दाणा चाखला होता, आत तीळ आहे का साबुदाणा ते पाहायले. पहिल्यात तीळ निघाला. दुसऱ्यात बी तीळच आहे का, हे पाहायले दुसरा. मंग म्हणे, "एक बाजू खाली झाली तं मुकुट वाकडा दिसे, म्हनून दुसरी बाजू बराबर केली." शिंप्याचं डोकं, बाई! दोन्ही बाजू बरोबर करता करता मधातलं बी गेलं.

मी कपाळाले हात लावला. शुगरचा राग होताच, पण त्याच्याहून मोठा धाक विहीणबाईचा. त्यायनं मालक गेल्याच्या दुःखात, पहाटे उठून, बोटं भाजून मुकुट केला, आणि आमी तो लेकराच्या डोक्यावर चढवायच्या आधीच खाऊन बसलो. फोटोत मुकुट दिसला नाही तं जलमाचं तुटलं असतं. नवा हलवा एका दिवसात होत नाही. शाहजादी अजून गावात होती, तिले बोलावलं. तिच्या पेटीत बांगड्यायसंगं ओवायचे पांढरे मोतीही होते, पिलाष्टिकचे. यायनं खाली मान घालून, चष्मा लावून, त्याच पुठ्ठ्यावर, त्याच दोऱ्यानं मोत्याचा मुकुट शिवला. खोटं काहून बोलू, लांबून पाहिलं तं हलव्याहूनही झाक दिसे. शाहजादी म्हणे, "चाचाजी, तुमी कपडे सोडा, मुकुट शिवा." मी तिच्याकडं असं पाहिलं, का तिनं पेटी बंद केली.

काल दुपारी आंगणात बाया जमल्या. साऱ्या काळ्या साड्या, केसात गजरे, हातात शाहजादीच्या नव्या बांगड्या. शेजारच्या गोकर्णाबाई येतानीच तीन अफवा घेऊन आल्या: यंदा संक्रांत पिवळं नेसून आली, म्हणून पिवळं घालू नका; तिनं तोंड आपल्याकडं केलं आहे, म्हणून तिकडं पाहू नका; आणि एका पोराच्या आईनं दोन पोरायच्या आईकडून हिरव्या बांगड्या घ्या. (तिसरी ऐकून शाहजादीनं आभाळाकडं पाहून काहीतरी शुक्रिया म्हटलं.) मन्याले काळं झबलं घातलं, यायनंच शिवलेलं, हार घातला, कडी घातली, मोत्याचा मुकुट चढवला. पाटावर बसवला तं काय दिसे माहा राजा! मी त्याच्या कानामागं काजळाची तीट लावली, मंग दुसऱ्या कानामागं लावली, मंग गोकर्णाबाईची नजर आठवली आणि गालावर बी लावली. बबलू म्हणे, "आई, बस कर, पोट्टं काळं झालं."

मी मापात बोरं भरली, आता ओतणार, एवढ्यात वर पाहिलं तं फाटकात हिरीबाई उभ्या. राखी साडी, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. मले बाकी काही दिसलं नाही. दिसला फक्त मन्याच्या डोक्यावरचा पिलाष्टिकचा मुकुट. माप टाकून मी जी धावली, ती फाटकात जाऊन दोन्ही हात आडवे पसरून उभी राह्यली, कबड्डीत राहतात तशी.

"विहीणबाई," मी म्हटलं, "तुमी जरा इथंच थांबा."

त्या थांबल्या. भुवया चढल्या नाहीत. उलट्या खाली आल्या. मी त्यायचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"थांबतोच मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी आत येयाले नाही आली वो. सवासिनीयचा कार्यक्रम आहे, मले समजते. म्हनूनच तं अंजूले 'पाहू' म्हटलं होतं. पन राहवलं नाही. इथूनच लेकराले पाहतो आन् पुढच्या गाडीनं वापस जातो."

बाई, तवा माह्या डोक्यात उजेड पडला. राग कशाचा न् काय! पाळण्याचा राग त्या कधीच्याच विसरल्या होत्या, मीच त्याले झोके देत बसली होती. मालक गेले, आता आपण हळदीकुंकवात नको, लेकराच्या शुभ कामात आपली सावली नको, असं स्वतःच ठरवून ही बाई घरी बसली होती. आणि आज कशीबशी हिंमत करून दारापावतर आली, तं मी हात आडवे करून उभी! त्या वळल्या बी. मी त्यायचा हात धरला. तसं नाही वो, तसं नाही, एवढंच तोंडातून निघे. त्या म्हणाल्या, "मंग कसं?" आणि मंग जे निघालं ते अख्ख्या आंगणानं ऐकलं, सडकेवरच्या ऑटोवाल्यानं बी ऐकलं:

"अवो, तुमचा मुकुट जगदेवनं खाल्ला!"

मुकुट खाल्ल्याचं कोणाले काहीच वाटलं नाही. पण इतक्या वर्षांत मी उखाण्यातही 'राव' लावल्याबिगर यायचं नाव घेतलं नाही, आणि आज भर सडकेवर नुसतं जगदेव! गोकर्णाबाईनं गालावर बोट ठेवलं. म्हणे, "एवढा सरळ उखाना म्या जिंदगीत ऐकला नाही."

हिरीबाईले काही उमजेना. मी एका दमात सारं सांगितलं: राखण, परात, पोहणाऱ्या मुंग्या, रीळ, मोती. सांगतानी मी रडत बी होती आणि ओरडत बी होती. तेवढ्यात हे घरातून बाहेर आले (नाव ऐकून आले; त्यायले वाटलं गिऱ्हाईक आलं) आणि समोर विहीणबाई पाहून तिथंच टोपी काढून उभे राह्यले.

हिरीबाईनं यायच्याकडं पाहिलं. "व्याहीबुवा, कसा होता?"

हे खाली मान घालून म्हणाले, "विहीनबाई, पाक एकदम बराबर. काटा बी धारदार. पन उजव्या बाजूले साखर जराशी जास्त होती."

आणि हिरीबाई हसल्या. आधी पदराआड, मंग पदर सोडून, मंग फाटकाले धरून. हसतानीच म्हणाल्या, का अंजूच्या बोरन्हाणाच्या वेळी तिच्या बापानं अख्खा कमरपट्टा खाल्ला होता, आणि दोष घरमालकाच्या उंदरावर घातला होता. "मी इतके वर्षं त्या उंदराले शिव्या देल्ल्या," म्हणाल्या, "दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात खरं सांगितलं यायनं." आणि हसताहसता डोळे पुसाले लागल्या. अंजू धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. पोळ्यापासून तिनं आईले हसतानी पाहिलं नव्हतं. मले माहीत नव्हतं, बाई. माह्याच घरात ही पोर रोज भाकरी थापे आणि मले एवढं माहीत नव्हतं.

मी म्हटलं, चला आत. त्या म्हणाल्या, नको. मी म्हटलं, बोरन्हाण तुमच्या नातवाचं, पहिलं माप तुमचं. गोकर्णाबाई मागून पुटपुटल्या, का शास्त्रात असं चालत नाही म्हणतात. मी परातीतला सगळ्यात मोठा तिळगुळाचा लाडू उचलला आणि त्यायच्या हातात ठेवला. म्हटलं, "गोकर्णाबाई, आज गोड बोलाचं असते. नसन जमत तं हा खात बसा." लाडू कडक झाला होता, त्याच्यामुळं बराच वेळ आवाज आला नाही. माह्या स्वयंपाकाचा एवढा उपयोग आजवर झाला नव्हता.

अंजूनं हळदीकुंकवाचं ताट आणलं. हिरीबाईनं हळद लावून घेतली. कुंकवाले मात्र हात आडवा केला, म्हणाल्या, "राहू दे माय, आज एवढंच." मी जबरदस्ती केली नाही. अंजूनं ताट खाली ठेवलं. आणि आपले मन्याशेठ पाटावरून रांगत आले, दोन्ही हात कुंकवाच्या करंड्यात घातले आणि आजीच्या मांडीवर चढून तिचा चेहरा दोन्ही पंजांनी धरला. कपाळ, नाक, गाल, सारं लाल. हिरीबाईनं लेकराचे हात धरले, पाहिलं, आणि पदर काही चेहऱ्याकडं नेला नाही. म्हणाल्या, "आता यानंच लावलं तं मी कोणाले नाही म्हनू?" गोकर्णाबाई काही बोलणार होत्या, पण लाडू अजून सरला नव्हता.

मंग मन्याले परत पाटावर बसवलं आणि पहिलं माप त्यायनं ओतलं. बोरं, मुरमुरे, उसाचे कांडे, घाटे, रेवड्या धडधड मन्याच्या डोक्यावरून खाली! मन्या आधी दचकला, मंग खदखदा हसला, आणि मुकुट ओढून तोंडात घातला. दोरा तुटला (यायचा जुना दोरा!) आणि मोती आंगणभर. मी मन्याच्या तोंडात बोट घालून दोन मोती काढले, अंजूनं त्याले उलटा धरून तिसरा पाहिला, तो नव्हता. गल्लीतल्या पोट्ट्यायनं बोरायसंगं मोतीही लुटले. एकानं चावून पाहिला आणि मले म्हणे, "आजी, तुमचा हलवा कच्चा राह्यला." दोन बाया मोत्यावरून घसरल्या. गोकर्णाबाई त्यायच्यात एक होत्या. मी काही म्हणत नाही, संक्रांतीनं तोंड त्यायच्याकडं केलं असन.

संध्याकाळी हिरीबाई जातो जातो म्हणत राह्यल्या आणि मी वाढत राह्यली. शेवटची गाडी गेली. चुलीपाशी बसून आमी दोघी बोललो, खूप बोललो. जातानी त्यायनं आमच्या पाळण्याले दोन थेंब तेल घातलं, मले सांगून. आज सकाळी शाहजादी त्यायले संगं घेऊन गेली. वाण म्हणून मी साऱ्यायले चहाची गाळणी देल्ली, त्यायले बी तीच. म्हणाल्या, "घरी आता एकटीपुरता चहा, गाळनी मोठी होते." मी म्हटलं, मंग आमी येत जाऊ प्याले. तं बाई, माणूस जोडायले एवढं लागते काय? कोणी खाल्लं, कोणी सांगितलं, झालं.

थोरल्यायले नमस्कार, धाकट्यायले आशीर्वाद, आणि तुह्या गुडघ्यायले विशेष विचारलं आहे असं सांग.

तुही लाडकी,
रुखमा

ता.क. — खालचं अक्षर यायचं आहे. मी पाकीट शोधत होती तवा यायनं पेन उचललं. मी खोडणार होती, पण शाई पक्की आहे.

'आक्का, नमस्कार. मुकुट मी खाल्ला, मान्य. पण बासरी आणि डाव्या हाताचा बाजूबंद मी खाल्ला नाही. मी राखणीले बसायच्या आधीच डब्बा हलका होता. सकाळी "मुंग्या लागल्या का पाहतो" म्हणून डब्बा कोणी चारदा खाली काढला, ते तुमच्या बहिणीले विचारा. — जगदेव'

ता.क. दुसरा — यायचं मनावर घेऊ नको. शुगर वाढली का माणसाले भ्रम होतात असं मी कुठंतरी ऐकलं आहे. बासरी वाटेतच मोडली होती, मोडकी वस्तू लेकराच्या हातात देत नाहीत. आणि बाजूबंदाचं म्हणशील तं मी फक्त पाक पाहिला.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं याच्याच साठी आहे — भाऊजी गेल्यापासून तू संक्रांतीले कोणाच्याच दारी गेली नाही. माह्या बी नाही. दरवर्षी मी आवतण देतो, तू कान पुढं करते. ऐकू येत नाही म्हणून नाही, हे मले काल रात्री भांडे घासतानी समजलं. रथसप्तमीपावतर हळदीकुंकवाचे दिवस आहेत. तुह्या वाटणीचं वाण बाजूले काढून ठेवलं आहे, आणि हिरीबाई म्हणून गेल्या, का मोठ्या बाई येतीन तवा मले निरोप द्या, मी येतो. तुले कुंकू लावायचं नसन तं नको लावू. पाटाजवळ येऊन बस, लेकरू काय लावते ते त्याचं तो पाहीन. तू नाही आली तं मी तिकडं येईन, आणि मले एसटी लागते, खिडकी भेटली नाही का कसं होते ते तुह्या साऱ्या गल्लीनं मागच्या टायमाले पाहिलं आहे. तं विचार कर आणि गाडीत बस.